रुसवा जातो कुठे

१

"भांडलेल्यांच्या मधे पडायचं नाही."

तोचिदानी वाडीच्या समाजमंदिरात खेळाचा कंट्रोलर इरोहाच्या हातात देताना शिगेहारू आजोबांनी एवढी एकच अट घातली.

"का?"

"नाही म्हटलं की नाही."

"पण का, आजोबा? नियम आहे म्हणजे कारण असणारच."

"ओसाकाला शिकायला पाठवली, तर ही 'का का का' करत परत आली. कावळीच झालीय पोरीची," फुमिए आजी म्हणाली, आणि चटईवर बसलेले सगळे म्हातारे खोकला येईपर्यंत हसले.

इरोहाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तिने कंट्रोलर घेतला. या म्हाताऱ्यांची तऱ्हाच अशी. प्रश्न विचारला की हसतील, आणि हसून झालं की तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता असं वागतील.

तालुक्याच्या कचेरीने डोंगरातल्या प्रत्येक वाडीला हा खेळ वाटला होता, म्हाताऱ्यांच्या मेंदूला चालना म्हणून. टीव्हीच्या पडद्यावर एक चिमुकली वस्ती दिसायची. वाडीतल्या प्रत्येकाने त्यात आपापली बाहुली केली होती. तिला नाक-डोळे दिले, स्वभाव दिला आणि सोडून दिली. पुढे त्या बाहुल्या आपल्या आपण राहायच्या. जेवायच्या, गाणी म्हणायच्या, एकमेकींच्या घरी जायच्या, रुसायच्या. गुरुवारी दुपारी हातपाय हलवण्याचे व्यायाम झाले की चहा घेत त्यांची मजा बघायची, असा रिवाज पडला होता. म्हाताऱ्यांचे हात थरथरायचे, बटणं भलतीच दाबली जायची, म्हणून आता हे काम इरोहाकडे आलं.

ती त्यातली जाणकारही होती. आईच्या, साएकोच्या, खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ती घरी राहून ओसाकातल्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीचं काम करत होती. तिचं कामच हे: खेळातल्या पात्रांची मैत्री आणि वैर ठरल्याप्रमाणे चालतं की नाही, हे तपासणं. आत काय असतं ते तिला माहीत होतं. प्रत्येक जोडीमागे एक आकडा. भेट दिली की तो वर जातो, टोमणा मारला की खाली येतो. मित्राचा मित्र थोडा आपला होतो, मित्राचा वैरी थोडा आपलाही वैरी होतो. आणि कुठलाही रुसवा काळाबरोबर विरत जातो, जर कुणी तो परत परत उगाळला नाही तर. खऱ्या माणसांचं याहून वेगळं काय असतं, असं ती कधी कधी म्हणायची.

दोन बाहुल्यांचं बिनसलं की पडद्यावर प्रश्न यायचा, "समेट घडवायचा?" खाली 'हो' आणि 'नाही'. लगेच मागून फुमिए आजीचा आवाज यायचा, "नाही दाब. नाही दाब गं."

२

वस्तीच्या वरच्या टोकाला एक घर होतं. त्या घरातल्या बाहुलीला कुणी चेहरा दिला नव्हता. खेळ सुरुवातीला जो कोरा चेहरा देतो तोच तसाच राहिला होता. ठिपक्यांचे डोळे आणि तोंडाच्या जागी आडवी रेघ. इरोहाला आधी वाटलं, कुणीतरी अर्धवट सोडलेली बाहुली असेल. मग तिचं लक्ष जाऊ लागलं.

वस्तीत फळं पिकली की बाहुल्या ताटं घेऊन घरोघर फिरायच्या. त्या घरापाशी आल्या की वळायच्या. दारातली कोरी बाहुली हात हलवायची, आणि समोरून जाणारी मान दुसरीकडे फिरवायची. चिडून नाही, अगदी सहज. वाऱ्याने ज्योत कलावी तशी.

हे इरोहाला पटेना. रुसवा असेल तर विरायला हवा होता. उगाळणारं कुणी असेल, तर बाहुल्यांच्या तोंडी ते ऐकू यायला हवं होतं. त्या घराबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं, तरी आकडा जिथल्या तिथे होता.

"हे घर कुणाचं?"

चहाचे पेले जागच्या जागी थांबले. शेवटी योशिमित्सु आजोबा पुटपुटले, "तोकुजीचं."

"कोण तोकुजी?"

"अगं ते बघ, माझी बाहुली नाचतेय! बघ कशी कंबर हलवतेय मेली!" ते म्हणाले, आणि सगळे हसायला लागले.

संध्याकाळी तिने आईला विचारलं. साएको रताळी सोलत होती. ती खालच्या बंदरगावातली, लग्न होऊन या वाडीत आलेली.

"मी आले तेव्हापासून ते नाव काढायचं नाही असंच होतं. पाण्यावरून काहीतरी झालं होतं म्हणे. वाळीत टाकलं त्याला."

"आणि तू विचारलं नाहीस?"

"नवी नवरी काय विचारणार? तुझी आजी म्हणायची, आग लागली तर जायचं, मयत झालं तर जायचं. बाकी ते घर नाही असं समजायचं."

"शी! कसली माणसं गं ही!"

"हळू बोल. पाणी त्यांच्याच टाकीतून येतं आपल्याला. माझी लिंबं त्यांच्याच गाडीतून जातात. या पायाने मी एकटी काय करणार आहे?"

खऱ्या वाडीतलं ते वरचं घर इरोहाला माहीत होतं. शाळेची वाट त्याच्याच अंगाने जायची. बंद, रिकामं घर. तोकुजी केव्हाच मेला असेल किंवा गाव सोडून गेला असेल, आणि या लोकांनी तालुक्याच्या कचेरीला दाखवायला म्हणून त्याचीही बाहुली केली असेल. एखादं घर वगळलं असं दिसायला नको. ताकाला जाऊन भांडं लपवायची यांची जुनीच खोड.

पण मग खेळाला कसं कळलं? बाहुली करणाऱ्यांनी मनातलं वैर काही बटणांनी आत घातलं नव्हतं. तिने स्वतःची समजूत काढली. चेहरा नाही, स्वभाव नाही. अशा बाहुलीशी कुणाचं सूत जुळणार नाही, एवढंच. गणितच आहे.

३

पुढच्या एका गुरुवारी म्हातारे उकडलेल्या रताळ्यांत गुंतले होते. कुणाचं जास्त गोड निघालं यावर वाद चालला होता. पडद्यावर शिगेहारू आजोबांची बाहुली वरच्या वाटेने निघाली आणि कोऱ्या बाहुलीसमोर जाऊन उभी राहिली. याआधी असं कधी झालं नव्हतं.

"समेट घडवायचा?"

इरोहाने मागे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. नियमांचा तिला आधीच कंटाळा आला होता. तिने 'हो' दाबलं.

बारीक घंटी वाजली. दोन्ही बाहुल्यांनी एकमेकींसमोर कमरेत वाकून मान लववली. बस, एवढंच. मागे फुमिए आजी म्हणत होती, "माझंच गोड. तुमची जीभ गेलीय आता."

त्यानंतरच्या गुरुवारी समाजमंदिराचं दार सरकलं आणि एक म्हातारा आत आला. इस्त्रीचा शर्ट, ओला भांग. त्याने चपला काढल्या, त्या दाराकडे तोंड करून नीट ठेवल्या आणि म्हणाला, "उशीर झाला."

"ये रे तोकुजी, बैस," शिगेहारू आजोबा सरकले. फुमिए आजीने त्याला चहा ओतला. कुणी दचकलं नाही. कुणी "इतक्या वर्षांनी?" असं म्हटलं नाही.

इरोहाने आजीच्या कानाशी वाकून विचारलं, "हे परत कधी आले?"

"परत? तो गेला कुठे होता? बरी आहेस ना पोरी?"

व्यायाम संपले तशी ती त्याच्या मागोमाग वरच्या घरापर्यंत गेली. बंद, रिकामं घर. पण दोरीवर कपडे वाळत होते. वळचणीला काकी नावाची नारिंगी फळं सोलून ओळीने वाळत टांगली होती, आणि दोरीने घासून घासून खांबाला खोल खाच पडली होती. एका हंगामात अशी खाच पडत नाही.

"तू शाळेत जायचीस इथून," तोकुजी म्हणाला. वापर नसल्यासारखा खरखरीत आवाज होता त्याचा. "छत्रीचं टोक भिंतीला घासत जायचीस. मी रोज म्हणायचो, सांभाळून जा. पावसात तर माझ्या ओसरीवर थांबायचीस. मी तिथेच बसलेला असायचो."

भिंतीवर, लहान मुलीच्या हाताच्या उंचीवर, एक लांब ओरखडा होता.

इरोहाला ओसरी आठवली. पाऊस आठवला. माणूस आठवेना. मुलांचं लक्ष नसतं, तिने स्वतःला सांगितलं. पण अख्खं बालपण? ती उताराने परत आली ती जवळजवळ धावतच.

४

वाडीत सूचनेची पाटी फिरते. एका घराने वाचायची, शिक्का मारायचा, पुढच्या घरी नेऊन द्यायची. ती पाटी आली नाही, म्हणून साएकोने लेकीला फुमिए आजीकडे पाठवलं.

"दिली की!"

"कुणाला?"

"पुढच्या घरी."

"पुढचं घर आमचं आहे, आजी."

फुमिए आजीने तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग असता, आकस असता, तर इरोहाने तिथेच चार शब्द सुनावले असते. पण आजी नुसती गोंधळली होती. "हो ना," ती म्हणाली. "तुमचंच की. मग मी कुणाला दिली?"

मग युझूच्या लिंबांची गाडी चुकली. साएको काठीला टेकून, भरलेल्या पेट्यांशेजारी रस्त्याच्या कडेला उभी होती. योशिमित्सु आजोबांचा मुलगा गाडी घेऊन आला, वेग कमी केला आणि निघून गेला. इरोहाने फोनवर त्याला फैलावर घेतलं.

"तिथे कुणी नव्हतं गं. पेट्या होत्या फक्त. मला वाटलं, कुणाच्या तरी राहिल्यात."

"माझी आई उभी होती तिथे!"

मग तो म्हणाला, "साएको मावशी ना? हां, हां." एखादं जुनं नाव शोधून काढावं तसं.

गुरुवारी तिने खेळ लावला. तिला जे दिसेल असं वाटत होतं तेच दिसलं. आईची बाहुली दारात फळांचं ताट घेऊन उभी होती. बाहुल्या येत होत्या आणि मान वळवून पुढे जात होत्या. सगळ्यांत पुढे होती तोकुजीची कोरी बाहुली, आणि तिला घेऊन शिगेहारू आजोबांची बाहुली गाणं म्हणत चालली होती.

इरोहाने येत होतं ते सगळं केलं. आईच्या बाहुलीच्या नावाने घरोघर भेटवस्तू पाठवल्या. तिला नवे कपडे घातले. तिला नेऊन वस्तीच्या मध्यभागी उभं केलं. कुठलाच आकडा हलेना. "समेट घडवायचा?" हा प्रश्न येईल म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली, पण तो येणार कुठून? तिच्या आईशी कुणाचं भांडणच झालं नव्हतं.

तिने टीव्ही बंद केला, तार उपसली, खेळाचा डबा पिशवीत घालून घरी आणला. तरी दुसऱ्या दिवशी पाटी आली नाही. डबा घरच्या टीव्हीला जोडून आईची बाहुली पुसूनच टाकावी असंही एकदा तिच्या मनात आलं. 'पुसायची?' या प्रश्नावर तिचा अंगठा थांबला. बाहुलीबरोबर आईच पुसली गेली तर? तिने कंट्रोलर दूर सरकवला.

५

तिला अजून एक आशा होती. विसरतात ते म्हातारे. डोकी थकलीत त्यांची. आपण तरुण आहोत, आपल्याला आत काय चालतं ते माहीत आहे, आपण आईला विसरणार नाही.

एका दुपारी वरच्या खोलीतलं काम आटोपून ती खाली आली. भूक लागली होती. तिने जाड शेवया शिजवल्या, वरून कांद्याची पात घातली आणि बुटक्या टेबलाशी बसून खायला लागली. घर फार शांत होतं. एकटीने राहायचं म्हणजे हेच, तिच्या मनात आलं. रेडिओ तरी लावावा. अर्धं भांडं संपलं.

समोरची उशी दबलेली होती.

मधोमध खळगा, कुणीतरी बसल्यावर पडतो तसा. ती त्याकडे बघत राहिली. खळगा किंचित हलला. मग उजेडातून अंधारात आल्यावर वस्तू हळूहळू दिसू लागाव्यात, तसं तिला आधी काठीचं टोक दिसलं. मग गुडघ्यावरचा हात. मग सुरकुतलेला गळा.

"मला नाही का वाढणार?" आई म्हणाली.

इरोहाच्या हातातल्या जेवणाच्या काड्या पडल्या.

"मी दोनदा हाक मारली तुला," साएको म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मला वाटलं, तूही रागावलीस."

"नाही गं आई. नाही. मी..." तिने टेबलावरून हात पुढे करून आईचा हात पकडला. तो गरम होता. त्या दिवसापासून तिने तो सोडला नाही. भांडी घासताना ती आईला शेजारी उभी करायची, झोपताना मनगट धरून झोपायची. तरी मधेच लक्ष दुसरीकडे गेलं की, आपण हातात काय धरलंय हे तिला क्षणभर आठवायचं नाही.

६

गुरुवारी ती आईला हाताला धरून समाजमंदिरात घेऊन गेली आणि डबा टीव्हीला जोडला.

"एकटीच आलीस?" शिगेहारू आजोबा म्हणाले.

"आई आहे माझ्याबरोबर. ही काय."

आजोबांनी डोळे बारीक केले. फुमिए आजी हातातला पेला फिरवत राहिली. "म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "मधे पडू नकोस म्हणून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कसलं? आमच्या आईबापांनी आम्हाला सांगितलं, आम्ही तुला सांगितलं."

"ते वैर कुठेतरी जाऊन बसतंच, पोरी," योशिमित्सु आजोबा म्हणाले. "एका दारातून उठवलं की दुसऱ्या दारात. तू उठवलंस."

पडद्यावर दोन बाहुल्या समोरासमोर आल्या होत्या. शिगेहारू आजोबांची आणि कोरी. दोघींच्या डोक्यावर रागाचे काळे ढग.

"समेट घडवायचा?"

"आलं बघ," शिगेहारू आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "आता 'नाही' दाब. आई मिळेल तुला. होतं तसं होईल सगळं."

"आणि हे?"

सगळ्यांनी चहाकडे पाहिलं. तोकुजी कोपऱ्यात बसला होता. पेला त्याने दोन्ही हातांनी धरला होता, दुसऱ्या कुणीतरी ओतलेला चहा.

"दाब, बाळ," तो म्हणाला. "मला सवय आहे. कपडे वाळत घालायचे, वाळले की काढायचे. जातो दिवस."

"नको गं," साएको तिच्या कानाशी म्हणाली. "त्यांना परत तिथे नको पाठवूस." इरोहाखेरीज कुणाची मान तिच्याकडे वळली नाही. आणि इरोहालाही तो आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटला. तिने आईची बोटं आणखी घट्ट धरली.

"दाब पटकन," फुमिए आजी म्हणाली. "जाईल तो प्रश्न. मग हातचं जाईल. आईपेक्षा का तो तोकुजी मोठा?"

तिचा अंगठा 'नाही'वर होता. नुसता टेकवायचा होता. घरी जाऊन दोघींनी जेवायचं होतं, आईने मीठ कमी पडलं म्हणायचं होतं. उद्या सकाळी पाटी आली असती. आणि वरच्या वाटेने जाताना तिला एक बंद, रिकामं घर दिसलं असतं, त्याचं तिला काही वाटलंही नसतं.

"कशावरून झालं होतं?" तिने विचारलं. "पाण्यावरून ना? नेमकं काय?"

शिगेहारू आजोबांचे ओठ हलले, थांबले. "आठवत नाही," ते म्हणाले.

"आठवत नाही!" ती ताडकन उठली, आईला घेऊनच. "माणूस गाडलात जिवंतपणी, आणि कशासाठी ते आठवत नाही! लहान होते तेव्हापासून ऐकतेय, मोठ्यांचं ऐकावं, मोठ्यांना कळतं. काय कळतं तुम्हाला? यांना पुसायचं की माझ्या आईला, हे मी ठरवू? आणि तुम्ही चहा प्यायचा? आगीला येणार, मयताला येणार, आणि जिवंत माणसाला 'ये' म्हणायला तुमची मान वळत नाही!"

"इरोहा, वेळ..."

"मी दाबणार नाही. 'हो' नाही आणि 'नाही' पण नाही. रुसवा तुमचा आहे. दाबा तुमच्या हाताने, आणि ज्याच्यावर दाबाल त्याच्या तोंडाकडे बघून दाबा."

तिने कंट्रोलर शिगेहारू आजोबांच्या मांडीवर ठेवला. आजोबांनी तो उचलला नाही. फुमिए आजीच्या हातातली किटली वाकलेली होती, ती तशीच राहिली. योशिमित्सु आजोबांच्या तोंडात घास होता, ते चावत नव्हते.

इरोहा वाट बघत राहिली. कुणीतरी ओरडावं, आगाऊ कार्टी म्हणावं, निदान हसावं. शिगेहारू आजोबांची नजर तिच्या चेहऱ्यावर होती की तिच्या मागच्या भिंतीवर, हे तिला कळेना.

"ऐकलंत ना?" तिने विचारलं.

मग पुन्हा एकदा विचारलं, मोठ्याने. आईखेरीज कुणाची मान तिच्याकडे वळली नाही.